तारांभोवतीचे पांढरे डाग आणि फ्लोराइड वार्निश

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी दातांना तारा बसवल्या. आता वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो. डॉक्टर म्हणाले, दर भेटीला वार्निश लावू. त्याने डाग जातील का?
— एक आई, सांगली

उत्तर : डाग पुसला जाईल अशी आशा धरू नका. वार्निश म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा चिकट लेप. त्याचं काम आहे डाग तिथेच थांबवणं आणि शेजारी नवा पडू न देणं. वेळेत सुरू केलं तर कोवळा डाग थोडा फिका होतो.

हा पांढरा पट्टा म्हणजे किडीची पहिली पायरी. ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीत ब्रश नीट पोचत नाही, म्हणून तिथे प्लाकचा मऊ, चिकट थर बसून राहतो. त्यातले जंतू साखरेपासून आम्ल करतात. थरातला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. वरची कातडी शाबूत राहते, आतून मात्र दात सच्छिद्र होतो आणि म्हणून पांढरा दिसतो. थर हलला नाही तर चार आठवड्यांतही डाग उमटू शकतो, म्हणजे एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत. वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे दात सगळ्यात आधी सापडतात.

नेहमीच्या वार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्लोराइड. आपल्याकडच्या साध्या फ्लोराइड पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम असतं. त्यातल्या चिकट राळेमुळे वार्निश काही तास दाताला धरून राहतं आणि पृष्ठभागावर कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म कण जमतात. पुढे आम्ल झालं की ते कण विरघळून फ्लोराइड सोडतात. हा साठा हळूहळू संपतो, म्हणून साधारण दर सहा आठवड्यांनी, तारा आवळायच्या भेटीलाच, ते पुन्हा लावून घ्यावं.

पण रोजचा थर निघत नसेल तर वार्निश एकटं पुरं पडत नाही. ब्रश ४५ अंशांत तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वरची बाजू, मग खालची बाजू घासायची. तारेखालून दोन दातांमधला बारीक ब्रश फिरवायचा. पेस्ट थुंकून टाकायची, भसाभसा चुळा भरायच्या नाहीत. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला असेल तर १० मिली, एक मिनिट, ब्रशच्या वेळेपासून लांब. शाळेतून आल्यावरची वेळ बरी. आणि दिवसभर घोट-घोट सरबत किंवा कोल्ड्रिंक पूर्ण बंद. जे गोड खायचं ते जेवणाबरोबर एकदाच.

घरी तपासायची रीत सोपी आहे. घासून झाल्यावर दात स्वच्छ रुमालाने कोरडा करा आणि खिडकीच्या उजेडात पाहा. कोरडा केल्यावरच दिसणारा आणि ओला होताच लपणारा डाग अगदी वरवरचा असतो. ओल्या दातावरही ठळक दिसत असेल तर तो खोल गेलाय. डाग खडबडीत आणि निस्तेज असेल तर तो अजून वाढतो आहे. गुळगुळीत आणि चकचकीत झाला तर थांबला.

प्रश्न : मी नव्याने प्रॅक्टिस सुरू केली आहे. वार्निश लावते, पण ते टिकत नाही आणि ब्रॅकेटवर तार धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या पिवळ्या होतात.
— दंतवैद्य, लातूर

उत्तर : बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. आधी जुन्या कड्या आणि तार काढा, पेशंटला आरशासमोर ब्रश करायला लावा, राहिलेला थर स्वतः काढा. प्लाकवर लावलेलं वार्निश प्लाकलाच चिकटतं आणि पहिल्या ब्रशिंगला त्याच्यासकट निघून जातं. मग कॉटन रोल ठेवून तोंडाचा एकेक चतुर्थांश भाग कोरडा करा. एका वेळच्या पाकिटातलं वार्निश आधी ढवळाच, कारण फ्लोराइडचे कण तळाशी बसलेले असतात आणि वरवरचं घेतलं तर नुसती राळ लागते. संपूर्ण तोंडाला ०.४ मिली पुरतं. मायक्रोब्रशने ब्रॅकेटच्या हिरडीकडच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना पातळ थर द्या. जाड लावल्याने फायदा वाढत नाही, उलट तो पापुद्र्यासारखा सुटतो. लाळ लागली की ते घट्ट होतं. नव्या कड्या त्यानंतर घाला, म्हणजे पिवळेपणाची तक्रार राहणार नाही.

पेशंटला लेखी द्या : चार तास कडक आणि गरम काही नाही, त्या रात्री ब्रश नाही. कोमट वरण-भात, दहीभात चालेल. दातांवरची पिवळसर झाक दुसऱ्या दिवशी ब्रश केल्यावर जाते.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. १४ वर्षांच्या मुलाला वार्निश लावावं का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : लावता येतं. दातांवरचा फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे पडणारे डाग, दात हिरडीच्या आत घडत असताना होतो. पुढच्या दातांचं इनॅमल आठव्या वर्षापर्यंत घडून झालेलं असतं, त्यामुळे १४ व्या वर्षी वार्निशने त्यावर फ्लोरोसिस होत नाही. ०.४ मिलीमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, तेही दीड-दोन महिन्यांतून एकदा. खरी काळजी रोजच्या पाण्याची करा. प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत योग्य, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतलं जातं. पाणी तपासून घ्या, त्याहून जास्त निघालं तर पिण्याचं पाणी बदला.

तारा बसवण्याआधी दातांचे फोटो मात्र काढून ठेवा. फ्लोरोसिसच्या आडव्या पांढऱ्या रेघा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्या असतात. तारांचा डाग ब्रॅकेटच्या कडेने वळतो. फोटो नसेल तर पुढे वाद होतात.

प्रश्न : मला चिकटपट्टीची ॲलर्जी आहे. वार्निश चालेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टरांना आधी सांगा. पुष्कळ वार्निशमध्ये पाइन झाडाची राळ असते आणि तीच काही चिकटपट्ट्यांतही असते. तोंडात जखमा, फोड असतील किंवा दम्यामुळे कधी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल, तरीही आधी सांगायला हवं. राळ नसलेले पर्याय मिळतात.

प्रश्न : तारा काढल्या आणि डाग उघडे पडले. आता वार्निश लावून घेऊ का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : समोरच्या दातांवर घाईने नको. इतकं तीव्र फ्लोराइड डागाची वरची कातडी पटकन बंद करतं. आतला सच्छिद्र भाग तसाच पांढरा राहतो, पुढे तपकिरीही होऊ शकतो. साधी फ्लोराइड पेस्ट, नीट ब्रशिंग आणि तीन ते सहा महिने धीर धरा. लाळेतल्या क्षारांनी पुष्कळ डाग या काळात फिके होतात. दुधातल्या केसीनपासून बनवलेलं क्रीम मदतीला लावता येतं, दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर नाही. डाग खडबडीत किंवा खड्डा पडलेला असेल तर मात्र थांबू नका. तिथे सौंदर्यापेक्षा कीड थांबवणं महत्त्वाचं.

सहा महिन्यांनीही राहिले तर रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारा प्लास्टिकसारखा द्रव) आत जिरवण्याचा उपाय आहे. १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल दोन मिनिटं लावून वरची कातडी उघडतात, अल्कोहोलने कोरडं करतात आणि पातळ रेझिन तीन मिनिटं मुरू देऊन प्रकाशाने घट्ट करतात. ड्रिल नाही, बहुधा इंजेक्शनही नाही. अल्कोहोल लावल्यावर डाग क्षणभर नाहीसा झाला तर रेझिनने चांगला फरक पडतो. तसाच दिसला तर आम्लाची आणखी एक फेरी लागते. रेझिन घालण्याआधी डॉक्टरांना ही खूण तुम्हाला आरशात दाखवायला सांगा.