पाच वर्षांच्या मुलाला सर्दीसाठी हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

माझं मत विचाराल तर नको. दुधात चिमूटभर हळद घाला, ती वेगळी गोष्ट.

आम्ही सांगलीकर. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शेजारच्या हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची, आठवण घरातले म्हातारे अजून काढतात, म्हणजे हळदीशी माझं वैर नाही. पण भुकटी वेगळी आणि अर्क वेगळा. साध्या हळदीत करक्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, जेमतेम ३ टक्के असतं. चिमूट पाव ग्रॅमची धरली, तरी पोटात ७-८ मिलिग्रॅमच जातं. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये ९५ टक्क्यांचा अर्क असतो, एकेका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम. खाद्यरंग म्हणून करक्युमिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा वजनाच्या दर किलोला रोज ३ मिलिग्रॅम आहे. तुमचा मुलगा १६ किलोचा असेल तर ४८. करा हिशोब!

त्यात मिऱ्याचं पायपरिन घातलेलं असलं तर शोषण अनेक पटींनी वाढतं, आणि मोठ्यांमध्ये अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. सर्दी थांबते म्हणावं, तर लहान मुलांवर तसा भक्कम पुरावाही नाही.

आधीच सुरू केल्या असतील आणि भूक मेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळ्या बंद करून डबीसकट त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर गोळ्यांचं नावच नको.

आणि हळकुंडं आणून घरीच दळा. सुट्ट्या पिवळ्याधमक भुकटीत कधीकधी शिशाचा रंग मिसळलेला सापडतो.