लेकीच्या पेपरमध्ये चूक निघाली, आता काय करायचं?

नमस्कार गुरुजी,

औशाहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी तुरीच्या मर रोगावर पीएच.डी. करते. आठ महिन्यांपूर्वी छापून आलेल्या तिच्या पेपरमध्ये, म्हणजे शोधनिबंधात, ट्रायकोडर्मा या रोगाला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीच्या दोन वेगळ्या प्रमाणांखाली एकाच पेट्री डिशचा (बुरशी वाढवायच्या काचेच्या बशीचा) फोटो लागलाय, एकदा सरळ, एकदा फिरवून. बाहेरच्या एका संशोधकाने ते ओळखून मेल केला. गाईड म्हणतात, गप्प बसा. लेकरू धड जेवत नाही आणि तुम्ही विचारता, कबूल केलं तर नोकरीचं काय?

गुरुजी, कबूल केल्यानं सहसा नोकरी जात नाही. दडवलेलं पुढं मुलाखतीत कुणी विचारलं, तर मात्र उत्तर नसतं. पेपर छापण्याआधी दोन-तीन तज्ज्ञच वाचतात. खरी झडती छापून आल्यावर, तेच काम करणारे वाचतात तेव्हा होते. प्लेजियरिझमचं, म्हणजे मजकुराची चोरी पकडणारं, सॉफ्टवेअर मजकूर ताडून बघतं, फोटोची अदलाबदल त्याला सहसा कळतच नाही. म्हणून मेल करणाऱ्यावर रागावू नका.

आधी मूळ फोटो शोधायला सांगा. मोबाईलमध्ये, लॅबच्या कॉम्प्युटरवर, तारखेसकट. मग लॅबच्या वहीतल्या नोंदी त्याच्याशी लावून बघायच्या. बरोबर फोटो सापडला आणि आकडे जुळले, तर शुद्धिपत्र छापून भागतं. वहीत नोंदच नसेल आणि निष्कर्ष टिकत नसेल, तर पेपर मागे घ्यावा लागेल. जड जाईल, पण फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी तेच केलं. 2018 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या या बाईंनी 2019 मध्ये छापलेला पेपर जानेवारी 2020 मध्ये जाहीरपणे मागे घेतला. प्रयोग पुन्हा जमत नव्हता आणि पहिल्या लेखकाच्या वहीत महत्त्वाच्या नोंदी नव्हत्या. त्यांचं काम पुढंही चालूच राहिलं.

गाईडना एकदा लेखी कळवू द्या, भाषा नम्र ठेवा. तरी ते ऐकेनात, तर पेपर छापणाऱ्या जर्नलच्या संपादकाला पत्र लिहायचा हक्क तिलाही आहे, ती लेखिका आहे. मेल करणाऱ्यालाही दोन ओळी धाडायच्या: तपासतेय, कळवते.

आपल्याकडचा शेतकरी पेरणीआधी तुरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो. प्रमाण चुकलं, तर फुलोऱ्यात उभी झाडं वाळतात. तिला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणूनच झोप उडालीय तिची.

संपादकाच्या पत्राचा मसुदा झाला की मला पाठवा. त्याच दिवशी वाचून देतो.