‘थ्राँग्ज’ पोर्तुगीजमध्ये आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियर शवप्रदर्शन सोहळ्याबद्दलचं (21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025) इंग्रजी पत्रक पोर्तुगीजमध्ये करायचं आहे. त्यात ‘थ्राँग्ज ऑफ डिव्होटीज फिल्ड द स्ट्रीट्स’ असं वाक्य आहे. शब्दकोशात ‘मुल्तिदांव’ (गर्दी) मिळालं, ते चालेल का?

चालेल, पण आधी हेच वाक्य मराठीत कसं आलं असतं ते बघा. ‘भाविकांच्या गर्द्यांनी रस्ते भरले’ असं कोणी लिहीत नाही. ‘रस्ते भाविकांनी फुलून गेले’ असं लिहितो. गर्दी नामात नसते, क्रियापदात असते. पोर्तुगीजची सवय नेमकी हीच. ‘अश रुअश एन्शेरांव-स द फिएइश’, म्हणजे रस्ते भाविकांनी भरून गेले. गर्दीसाठी वेगळं नाम लागतच नाही, आणि वाक्य अनुवादाचं वाटत नाही. इंग्रजीवरून थेट उडी मारण्यापेक्षा मराठीवरून गेलात तर इथे कमी ठेचकाळाल.

(उच्चार पोर्तुगालच्या वळणाचे दिले आहेत. ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘ति’चं ‘चि’ होतं, म्हणून तिथे ‘मुल्तिदांव’ हे ‘मुउचिदांव’सारखं ऐकू येतं.)

तरीही नाम हवंच असेल, तर मुल्तिदांव. इंग्रजी ‘मल्टिट्यूड’ आणि हा शब्द एकाच लॅटिन मुळाचे, पण इंग्रजी शब्द बायबलच्या थाटाचा आणि पोर्तुगीज शब्द रोजच्या बातमीतला. त्यामुळे तो जड वाटेल ही भीती नको. चुका होतात त्या व्याकरणात. ‘पांव’ (पाव) आणि ‘कोरासांव’ (हृदय) पुल्लिंगी म्हणून लोक यालाही पुल्लिंगी करतात. हा स्त्रीलिंगी आहे: ‘उमा मुल्तिदांव’. ‘सोलिदांव’ (एकटेपणा), ‘एश्कुरिदांव’ (अंधार) हे ‘दांव’वाले भाऊबंदही स्त्रीलिंगीच. एकटा आला तर क्रियापद एकवचनी. पुढे ‘द फिएइश’ (भाविकांची) जोडलं तर एकवचन आणि अनेकवचन दोन्ही मान्य आहेत, पण मुद्रितशोधक एकवचनाकडे झुकतात.

‘थ्राँग्ज’चं अनेकवचन जसंच्या तसं नेऊ नका. इंग्रजीत ते नुसतं जोर देण्यासाठी असतं. पोर्तुगीजमध्ये ‘मुल्तिदोंइश’ म्हटलं की महाकाव्याचा सूर लागतो. उलट, इंग्रजी मजकुरात पन्नास माणसांनाही ‘क्राउड’ म्हणतात, तिथे मुल्तिदांव वापरलंत तर चेष्टा वाटेल. सरळ ‘उमश सिंक्वेंता पेसोआश’, म्हणजे पन्नासेक माणसं, असं लिहा.

आकडा ठाऊक असेल तर ‘मिल्यारश द फिएइश’ (हजारो भाविक) सगळ्यात भक्कम. ‘मिल्यारश’ पुल्लिंगी आहे, पुढे स्त्रीलिंगी ‘पेसोआश’ (माणसं) आलं तरी: ‘उश मिल्यारश द पेसोआश’. इथे पुल्लिंगी ‘उश’ऐवजी स्त्रीलिंगी ‘अश’ म्हणण्याची चूक जन्मापासून पोर्तुगीज बोलणारेही करतात, त्यामुळे कानावर विसंबू नका. शिवाय नुसत्या ‘मिल’ला (हजार) पुढे ‘द’ लागत नाही, ‘मिल्यारश’ आणि ‘मिल्योंइश’ला (दशलक्षावधी) लागतं.

‘जेंत’ (लोक) वापरताना खास सांभाळा. ‘मुइंता जेंत’ म्हणजे पुष्कळ लोक, ते निर्धोक. पण ‘अ जेंत’ म्हणजे बोलीत ‘आपण’. ‘लोकांनी चौक भरला’ म्हणायला ‘अ जेंत एन्शेउ अ प्रासा’ लिहिलंत, तर वाचणारा ‘आपण चौक भरला’ असं वाचेल.

बाकीचे पर्याय पटकन. ‘तुर्बा’ हा बेभान, तोडफोड करणारा जमाव; भाविकांना लावलात तर अपमान. ‘ऑर्दा’ म्हणजे टोळधाड, तेही नको. ‘रोमेइरुश’ हे यात्रेकरू. त्यात जत्रेचा रंग आहे, म्हणून सोहळ्याला शोभतो, पण ‘फिएइश’ जास्त तटस्थ.

पत्रक कोणासाठी आहे हे आधी ठरवा, कारण गर्दीच्या शब्दांत पोर्तुगाल आणि ब्राझील फार लांब आहेत. ‘एन्शेंत’ म्हणजे पोर्तुगालच्या बातमीत खचाखच भरलेलं मैदान किंवा नाट्यगृह असू शकतं. ब्राझीलच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र सरळ पूर येतो, आपल्याकडे 26 जुलै 2005 म्हटलं की येतो तसा. खचाखचसाठी पोर्तुगालमध्ये ‘आ कुन्या’ म्हणतात (कुन्या म्हणजे पाचर, पाचर ठोकल्यासारखं भरलेलं), ब्राझीलमध्ये ‘लोतादु’. दोन्हीकडे चालणारा शब्द हवा तर ‘अपिन्यादु’ घ्या. तो ‘पिन्या’वरून आला आहे, म्हणजे पाइनच्या फळावरून, त्यातल्या बियांसारखी एकमेकांना चिकटलेली माणसं. ‘माल्ता’ पोर्तुगालमध्ये आपली मंडळी, ब्राझीलमध्ये गुंडांची टोळी. आणि रांगेसाठी दोन्हीकडे ‘फिला’च. पोर्तुगालमधला जुना शब्द ‘बिशा’ ब्राझीलमध्ये समलिंगी पुरुषांसाठीची शिवी आहे, दर्शनरांगेच्या सूचनेत तो छापला गेला तर पत्रकं परत घ्यावी लागतील.

काळाकडेही लक्ष द्या. ‘एन्शेरांव-स’ म्हणजे रस्ते भरले, घटना झाली आणि संपली. तुमच्या परिच्छेदात आधी दृश्य उभं करून मग प्रसंग सांगितला असेल, तर दृश्यासाठी अपूर्ण भूतकाळ, ‘एन्शियांव-स’, म्हणजे भरत होते. इंग्रजी ‘फिल्ड’मध्ये हे दोन्ही एकाच रूपात दडलेलं असतं, म्हणून मूळ परिच्छेद पुन्हा वाचून ठरवा.

पोर्तुगालच्या वाचकासाठी: ‘अश रुअश एन्शेरांव-स द फिएइश’. ब्राझीलसाठी ‘स’ क्रियापदाच्या आधी आणा, आणि तो तिथे ‘सि’ असा ऐकू येईल: ‘आस रुआस सि एन्शेरांव जि फिएइस’.