पाहुणे आणि अर्धं बांधलेलं घर

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. भिंती उभ्या राहतायत, छप्पर चढायचंय, आणि नेमके आत्ताच आईबाबा, त्यांच्यामागोमाग मावशीचं कुटुंब, मग कॉलेजचे मित्र असे सगळ्यांचे यायचे बेत चाललेत. कुणाला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणताना पोटात गोळा येतो, असं तू लिहिलंयस. तो गोळा खरा आहे, त्याचं ऐक. घर बांधणं आणि पाहुण्यांचं करणं ही दोन्ही दिवसभराची कामं, आणि परक्या देशात दोन्हींसाठी हाताशी आपली माणसं नसतात.

मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. पाहुण्यांच्या विमानाची तारीख ही बांधकामाची मुदत होऊ देऊ नकोस.

हे मी जवळून पाहिलंय. ओळखीतलं एक जोडपं घर बांधत होतं. सिमेंटचा कोबा घालून तीन आठवडे झाले होते. वरून हात फिरवला तर कोरडा ठणठणीत, रंगही फिकट पडलेला. सासूसासरे येणार म्हणून त्यांनी घाईने त्यावर लाकडी फ्लोअरिंग बसवून घेतलं. आता, कोबा चांगल्या हवेत, खेळत्या वाऱ्यात दिवसाला साधारण १ मिलिमीटर या हिशेबाने सुकतो. ५० मिलिमीटरच्या थराला सात-आठ आठवडे लागतात, थंडीत किंवा दमट हवेत त्याहून जास्त. वर लाकूड बसल्यावर आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. ते लाकडात मुरलं, फळ्यांच्या कडा उचलल्या, आणि दाराजवळची फळी एवढी फुगली की दार उघडेना. सगळं फ्लोअरिंग उपटावं लागलं. सासूसासरे तोवर परतही गेले होते. आणि त्यांना फ्लोअरिंग हवंच होतं कुठे? ते नातवंडाला भेटायला आले होते.

काँक्रीटचंही तसंच. त्याची ताकद २८ दिवसांनंतरची धरतात, आणि सुरुवातीचा आठवडाभर तरी ते ओलं ठेवावं लागतं. टाइल्स साध्या अ‍ॅडेसिव्हवर बसवल्या की निदान २४ तास त्यावर पाय पडता कामा नये. पाहुणा घरात असेल तर रात्री पाणी प्यायला उठून अंधारात तो नेमका त्याच टाइल्सवरून जातो. दोष त्याचा नाही, दुसरी वाटच नसते. तेव्हा बोलावणं कामाच्या टप्प्याला बांध, कॅलेंडरला नको. ‘जूनमध्ये या’ असं म्हणू नकोस, ‘वरची एक खोली आणि एक न्हाणीघर पूर्ण झालं की कळवतो, मग तिकीट काढा’ असं सांग. ठेकेदार जी तारीख देईल तिच्यात महिना-दीड महिना मिळवूनच तू पुढे बोल.

त्या एका खोलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळं तिच्यावर आहे. घराचं काम सगळीकडे थोडं थोडं पुढे नेण्याऐवजी एक खोली आणि तिला लागून संडास-न्हाणीघर आधी पुरतं संपव. रंग, दार, कडी, गरम पाणी, सगळं. रंगाचा वास जायला खिडक्या उघड्या ठेवून बरेच दिवस दे. दाराखालची फट बंद कर, कारण टाइल किंवा काँक्रीट कापताना उडणारी बारीक धूळ पांघरुणापर्यंत पोचते. त्या धुळीत सिलिका असते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांमध्ये तिची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच केली आहे. कोरडा झाडू मारला तर ती परत हवेत उडते, म्हणून ओल्या फडक्याने पूस. दम्याचं माणूस किंवा लहान मूल येणार असेल तर कापाकापीच्या दिवसांत त्यांना घरात ठेवूच नकोस. आणि तू जुनं घर विकत घेऊन त्याला नवं करत असशील, तर जुन्या रंगात शिसं आणि जुन्या पत्र्यांत, पाइपांच्या वेष्टनांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय तिथे खरवडायचं नाही, आणि पाहुणे असताना तर नाहीच.

तात्पुरत्या विजेचंही सांगून ठेव. २३० व्होल्टची १६ अँपिअरची जोडणी असेल तर एका वेळी साधारण ३,६०० वॉट मिळतात. हीटर २,०००, किटली २,०००, वर कुणी केस वाळवायचा ड्रायर लावला की थोड्याच वेळात सगळं घर अंधारात. बोर्डाशेजारी मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटव: एका वेळी यांतलं एकच. पाहुण्यांना असं सांगितल्याचं वाईट वाटत नाही. न सांगता अंधारात बसायला लागलं की वाटतं.

कायद्याचं थोडक्यात, पण हे टाळू नकोस. पुष्कळ ठिकाणी भोगवटा परवानगी, म्हणजे घर राहण्याजोगं झाल्याचा सरकारी दाखला, मिळेपर्यंत घरात राहता येत नाही, मग पाहुण्यांना झोपवणं दूरच. विमा कंपनीला लेखी विचार की बांधकाम चालू असताना बाहेरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई कोण देणार, आणि उत्तर जपून ठेव. पाहुण्यांना त्यांचा प्रवासी आरोग्य विमा काढायला लाव. व्हिसाचे दिवस मोजून घे. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर सगळीकडे फिरता येतं ते), उदाहरणार्थ, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे ‘काम लांबलं, तर आम्हीही थोडं लांबवतो’ हे तिथे चालत नाही. काही देशांत घरी उतरलेल्या परदेशी पाहुण्याची नोंद यजमानाने पोलिसांकडे करायची असते. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्यासाठी ४८ तासांची मुदत आहे. तुझ्याकडे काय नियम आहे ते पाहुणे यायच्या आधी बघ. आणखी एक: बाबा म्हणतील, ‘बसून काय करू, दोन भिंती रंगवून देतो.’ प्रेमाने म्हणतील, पण पर्यटक व्हिसावर आलेल्याने बांधकामावर हात चालवणं, बिनपगारी का होईना, काही देशांत काम म्हणून धरलं जातं. आधी विचारून घे, आणि शिडीवर तर त्यांना चढू देऊच नकोस.

ठेकेदारासमोर मतं कुणी द्यायची, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट कर. ‘ही खिडकी इकडे कशाला घेतली?’ हा प्रश्न घरचं माणूस सहज विचारतं. आपल्याला त्यात माया ऐकू येते. ठेकेदाराला मात्र मालक दोन झालेत असं वाटतं, आणि तो कुणाचं ऐकायचं या गोंधळात पडतो किंवा त्या गोंधळाचा फायदा घेतो. बदल फक्त तुझ्याकडून आणि फक्त लेखी, हे त्याला सांगून ठेव. पाहुण्यांची मतं संध्याकाळी निवांत ऐक. त्यांतलं एखादं खरंच उपयोगी निघतं. वडीलधाऱ्यांना जिन्याच्या पायरीची उंची, न्हाणीघरातला आधाराचा दांडा अशा गोष्टी दिसतात ज्या तुझ्या वयात दिसत नाहीत.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मी कुणाला बोलवूच नको म्हणतोय. तसं अजिबात नाही. परदेशात घर बांधताना माणूस फार एकटा पडतो. कागदांवर सह्या करताना, न कळणाऱ्या भाषेतली बिलं चाळताना, ‘हे आपण कुणासाठी करतोय’ असा प्रश्न पडतो. तेव्हा आपल्यातलं कुणी येऊन चौकटीला हात लावून जातं, त्याने आलेलं बळ महिनोन्‌महिने पुरतं. म्हणून मित्रांना बोलव, पण त्यांची राहायची सोय जवळपासच्या भाड्याच्या खोलीत कर आणि दिवसा घरी आण. छप्पर झालंय, प्लास्टर व्हायचंय, तो काळ दाखवायला सगळ्यात चांगला. भिंतीतल्या पाइपा आणि वायरी उघड्या दिसतात, खोल्यांचा अंदाज येतो, आणि खराब होईल असं काही बसवलेलं नसतं. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढायचेच असतात. ते काम मित्रांकडे दे. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठून गेलाय ते त्या फोटोंवरूनच कळतं.

मावशीला या वर्षी नाही म्हण. लहान मुलं, उघडे जिने आणि चालू काम यांचं जमत नाही, आणि हे कारण तिला पटेल. फक्त ‘बघू’ म्हणू नकोस. ‘बघू’ म्हटलं की माणूस तिकिटं बघायला लागतो.

आईबाबांचं वेगळं. ते लांबच्या प्रवासाचे, आणि आले की महिनाभर तरी राहणार. त्यांना आहे तसं सगळं लिही. सकाळी सातला ड्रिल सुरू होतं, स्वयंपाकघर अजून एका टेबलावर आहे, रोज दोन तास तू कामावर असशील आणि त्या वेळात फोन उचलणार नाहीस. अर्ध्या कामाचे फोटो जोड, चांगले कोन शोधून काढलेले नकोत. हे वाचूनही आत्ताच यायचं म्हणाले तर ती एक खोली आणि न्हाणीघर होईपर्यंत थांबायला सांग, ठेकेदाराशी उद्याच बोलून त्या दोन्हींचा क्रम वर घे. पत्र मात्र आज रात्रीच पाठव, त्यांनी तिकिटं काढायच्या आत पोचायला हवं.