झाकणाखालचं पाणी

प्रश्न : आमच्याकडे रत्नागिरीत वडिलांची 1971 ची फोक्सवॅगन बीटल आहे. पेट्रोल भरायच्या झाकणाभोवती रंगाला फोड आले होते, म्हणून दोन वर्षांपूर्वी घासून, लांबी (पुट्टी) भरून रंग मारून घेतला. एक पावसाळा चांगला गेला. यंदा गणपतीच्या आधी पुन्हा त्याच जागी फोड आले. एक बोटाने दाबला तर फुटून लालसर पाणी आलं. पाऊस झाला की पुढचं बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वासही येतो. रंगवाला म्हणतो, पुन्हा घासून मारून देतो. द्यावी का त्याच्याकडे?

उत्तर : नको. फोडातून पाणी आलं हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. वरच्या वर लागलेला गंज कोरडा असतो, नखाने खरवडला की भुकटी पडते. फोडातून पाणी येतं तेव्हा पत्रा आतल्या बाजूने खाल्ला गेलेला असतो आणि तुम्हाला दिसतं ते त्याचं शेवटचं टोक. रंगवाल्याने मागच्या वेळी त्या टोकावर लांबी थापली. लांबीत टाल्कची भुकटी असते आणि ती पाणी पिते. म्हणजे गंजाच्या अंगावर ओला फडका बांधून वरून रंग मारल्यासारखं झालं. त्यात तुमची खारी हवा.

त्याला फार बोल लावू नका. कोल्हापुरात उद्यमनगरात नवीन नवीन काम करत होतो तेव्हा मीही हेच केलंय. एका डॉक्टरांच्या गाडीला भोकावर फायबरची जाळी चिकटवली, वर बोटभर लांबी, आणि असा रंग मारला की डॉक्टर खूश होऊन पेढे देऊन गेले. पुढच्या श्रावणात गाडी परत आली. वस्तादांनी काही न बोलता टोच्या घेतला, माझ्या त्या चकचकीत कामात खुपसला, आणि मुठीएवढा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. कितीतरी दिवस तो माझ्या हत्यारांच्या पेटीत होता.

आता तुमच्या गाडीचं. 1967 पर्यंतच्या बीटलला बाहेरून झाकणच नव्हतं. बॉनेट उघडायचं, आत टाकीवरचं बूच फिरवायचं आणि पेट्रोल भरायचं. पंपावरच्या पोराला दर वेळी समजावून सांगावं लागे, पण त्या जागी गंज धरायला काही नव्हतं. 1968 च्या मॉडेलपासून कंपनीने उजव्या अंगाला, दाराच्या पुढे, पत्र्यात खिडकी कापून छोटं झाकण दिलं. सोय झाली. पण टाकीचा गळा पत्र्यातून जिथे बाहेर येतो तिथली फट फक्त एक रबर धरून ठेवतं. पन्नास वर्षांत त्या रबराचं लाकूड होतं. झाकणावर पडलेलं पाणी खाचेत उतरतं, रबराच्या कडेने आत जातं आणि दुहेरी पत्र्याच्या बेचक्यात मुक्काम करतं. तुमचा पेट्रोलचा वासही बहुधा त्याच रबराचा, नाहीतर टाकीतली वाफ बाहेर नेणाऱ्या बारीक नळीला तडा गेलाय. दोन्ही एकदमच बदला. ही गाडी मेक्सिकोत 2003 पर्यंत बनत होती, त्यामुळे रबरं-नळ्या नव्या मिळतात. जुनं रबर सोल्यूशन लावून पुन्हा बसवू नका.

आधी खात्री करून घ्या. उन्हाचा दिवस बघून बॉनेट उघडा, आतला पुठ्ठा काढा, आणि घरातल्या कुणाला तरी झाडांना पाणी घालायची झारी देऊन झाकणावर धार धरायला सांगा. तुम्ही आत टॉर्च घेऊन बघत राहा. तारेचा लोंबता बल्ब पेट्रोलजवळ नेऊ नका. पाच मिनिटांत ओघळ दिसेल. पाणी कुठून शिरतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. पॉलिश पेपर त्याच्या नंतर.

नंतर मोडतोड. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते. ती आधी सोडा. (जाता जाता : बॅटरीवर तिचं झाकण आहे ना बघा. सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून सीटचा काथ्या पेटल्याच्या गोष्टी बीटलवाल्यांत जुन्या आहेत.) पेट्रोल पूर्ण काढून घ्या, टाकीवरची गेजची वायर आणि खालची नळी सोडा, कडेचे चार बोल्ट काढा, टाकी वर उचलून येते. ती गाडीपासून लांब, मोकळ्या हवेत सावलीत ठेवा. कारागीर म्हणेल, "साहेब, टाकी रिकामी आहे, ओलं फडकं टाकतो आणि जागेवरच वेल्डिंग मारतो." त्याला चहा पाजून परत पाठवा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी भडका उडतो. काढून टाकलेल्या टाकीत नेमकं तेच मिश्रण तयार असतं. वाफ हवेहून जड असते, त्यामुळे ती खाली बसून राहते, फुंकर मारून जात नाही. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एका पोराने 'रिकामा' डबा कापायला घेतला होता. डब्याचा तळ छपरातून गेला. पोरगा वाचला, भुवया गेल्या.

पुढचं मडगार्डही उतरवा. बीटलचं मडगार्ड बोल्टांवर असतं, वेल्डिंगवर नाही, हे आपलं नशीब. बोल्ट गंजलेले असणार, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. घाईत पाना लावला तर बोल्ट तुटतो आणि आत पत्र्याला जोडलेला नट गरगर फिरत राहतो, मग एका कामाची तीन होतात. मडगार्ड आणि टाकी निघाली की ती गंजकी जागा दोन्हीकडून हाताला लागते. तुमच्या रंगवाल्याने हे केलं नसणार, कारण हा अख्ख्या दिवसाचा खेळ आहे आणि त्याने पैसे रंगाचे घेतले होते.

आता टोच्या. फोडाच्या मध्यापासून बाहेर बाहेर टोचत जा. टोच्या आत जातोय तोवर पत्रा मेलेला. टणक लागला तिथून आणखी बोटभर पुढे खडूने रेघ मारा आणि तिथे कापा. रुपयाएवढा फोड दिसत असेल तर तळहाताएवढा तुकडा निघेल, घाबरू नका. खिडकीची कड आणि झाकणाच्या बिजागरीची जागा वाचत असेल तर जिवापाड वाचवा, कारण सपाट पत्रा कुणीही बनवेल, ती गोल दुमड हाताने काढायला कसबी माणूस लागतो. तीही गेली असेल तर दुसऱ्या बीटलचा कापलेला भाग किंवा तयार मिळणारा तुकडा शोधा.

माप काढायला मी लग्नपत्रिका वापरतो. जाड असते, वळण धरते आणि घरात तोटा नसतो. पत्रा सी.आर.चा, म्हणजे कोल्ड-रोल्ड (थंड लाटलेला) घ्या, 20 गेजचा. गॅल्व्हनाइज्ड नको. गंज धरणार नाही म्हणून लोक मुद्दाम तो आणतात, पण वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि कारागीर संध्याकाळी थंडी-तापाने झोपतो. तुकडा कडेला कड भिडवून बसवा. जुन्या पत्र्यावर नवा चढवला की मध्ये पुन्हा बेचकं, पुन्हा पाणी.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या झोतात तार वितळवणारं विजेचं. गॅसच्या ज्योतीने एवढा पातळ पत्रा उन्हातल्या पापडासारखा वाकडातिकडा होतो. जुन्या वस्तादांना गॅसवरही जमायचं, मला कधी नीट जमलं नाही. एक ठिपका इकडे, एक समोरच्या कडेला, मग हात लावून बघायचं. हात टेकवत असेल तरच पुढचा. असे ठिपके मारत मारत रेघ पुरी करायची. तासाभराचं काम अर्ध्या तासात उरकलं तर समजा पत्रा ताणला गेला, आणि तो झाकायला पुन्हा लांबीच येणार.

लांबी अगदी वर्ज्य नाही, क्रम महत्त्वाचा. उघड्या पत्र्यावर आधी दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, दोन्ही बाजूंनी. वाळल्यावर वर लांबी, कागदाएवढी. ती कोरडीच घासा. पाणीपेपरने घासायची सवय मोडत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या हवेत ते पाणी आठ आठ दिवस आत राहतं. वरचा रंग हार्डनरवाला, टू-के म्हणतात तो. स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग या जागी चालत नाही, कारण पेट्रोलचे चार थेंब सांडले की तो मऊ पडून पुसला जातो. सगळं झाल्यावर मडगार्ड चढवायच्या आधी आतल्या बेचक्यात पातळ मेण फवारून घ्या. ते वर्षानुवर्षं चिकट राहतं आणि सांध्यात शिरतं. डांबरी अंडरकोटिंग मला आवडत नाही. ते वाळून तडकतं आणि तड्यातून गेलेलं पाणी आत कोंडतं.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीत करा. दमट दिवसात रंगावर पांढुरकी झाक येते. तोवर गाडी छपराखाली ठेवा, झाकणाच्या खाचेतलं पाणी रोज फडक्याने टिपा, रबराच्या कडेला ग्रीस भरा. वरून प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट बांधू नका. आत घाम सुटतो.

प्रश्न : नाशिकला माझ्याकडे 1982 ची मर्सिडीज 240 डी आहे. डिझेलच्या झाकणाखाली पत्रा तपकिरी झालाय, अजून भोक नाही. डिझेल तेलकट असतं, मग गंज कसा?

उत्तर : तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून. तुमच्या मॉडेलला मागच्या उजव्या बाजूला गळ्याभोवती रबराची वाटी आहे आणि तिच्यातलं पाणी खाली सोडायला नळी आहे. धूळ आणि सांडलेलं डिझेल मिळून त्या नळीत चिखलाचं बूच बसतं. वाटीत थोडं पाणी ओता. खाली जमिनीवर ठिबकलं नाही तर रोग कळला. तारेने टोकरू नका, रबर फाटेल. जाड नायलॉनची दोरी घालून मोकळी करा, मग कोमट साबणपाणी.

भोक नाही म्हणता, तर कापू नका. रबर काढून खालचा पत्रा बघा, गंज तारेच्या ब्रशने पांढऱ्या धातूपर्यंत आणा, खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक आम्लाचं औषध लावा, धुऊन वाळवा, मग इपॉक्सी. पण त्या सगळ्याच्या आधी थिनरने दोन-तीनदा पुसा, दर वेळी नव्या फडक्याने. डिझेलचा अंश राहिला तर रंग त्या जागी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. सेंट्रल लॉकिंग असेल तर झाकणाचं कुलूपही हवेच्या ओढीवर चालतं. त्याची बारीक नळी डिकीतल्या अस्तरामागे असते. घासताना ती कापली गेली की चारही दारं रुसतात.

प्रश्न : पुण्यात 1986 ची पद्मिनी वापरतो. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने झाकणाजवळचा गंज वाढतो का? टाकी भरून ठेवावी की रिकामी?

उत्तर : बाहेरचा गंज पाण्याचाच. इथेनॉलचं नुकसान आत असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टाकी खालून सडते. जुनी काळी रबरी नळीही त्याने मऊ पडते, फुगते. इथेनॉल सोसणारी नळी घाला, गळ्याची आणि इंजिनाकडे जाणारी दोन्ही.

टाकी भरावी की रिकामी याच्यावर लोक भांडतात. मी म्हणतो गाडी चालवा. महिन्याभरात संपेल एवढंच पेट्रोल घाला आणि दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत तरी नेऊन आणा. पंपावर मात्र पोराला "राउंड फिगर" करू देऊ नका. नोझल बंद झाल्यावरही तो दाबत राहतो, आणि ओघळ झाकणाखालीच उतरतो.