आभासी श्वानशर्यत : तोच कुत्रा का जिंकतो?

प्रश्न : मुलांनी ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आभासी कुत्री पाळली आहेत. शर्यतीत जास्त सराव झालेला कुत्राच दरवेळी जिंकतो, बाकीची मुलं हिरमुसतात. काय करावं?

उत्तर : सरावाचं बक्षीस फार मोठं ठेवलंय. एक्स, म्हणजे पडद्यावरची आडवी जागा, उणे 200 पासून 200 पर्यंत; अंतर 400. दर पावलाला 1 ते 9 मधला यादृच्छिक आकडा, म्हणजे सरासरी 5. त्यात सरावाचा 1 मिळवला की शेवटी 65-70 ची आघाडी होते. दोन कुत्र्यांमधला नशिबाचा फरक मात्र साधारण 30 चाच. तो कुत्रा हरणार कसा? 0.2 च मिळवा. मग एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो तीनपैकी साधारण दोनदा जिंकेल.

विजेता प्रत्येक कुत्र्याच्या स्क्रिप्टमध्ये (त्याला हलवणाऱ्या सूचनांमध्ये) ठरवू नका. दोघं एकदम पोचले तर आधी चालणारी स्क्रिप्ट जिंकते. सगळे हलल्यावर एकाच ठिकाणी एक्स ताडून पाहा.