विमचा सोर्स कोड लिनक्स, मॅकओएस आणि विंडोजसाठी कसा कॉन्फिगर करावा?

लिनक्सवर विनातक्रार बिल्ड झालेला (म्हणजे चालवण्याजोगा प्रोग्रॅम बनलेला) विम या मजकूर-संपादकाचा सोर्स कोड विंडोजवर नेल्यावर तिथे कॉन्फिगर (बिल्डआधी सिस्टिम तपासणारी स्क्रिप्ट) चालत नाही, तर प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कोडमध्ये हाताने फेरफार करावे लागतात का, असा आपला प्रश्न आहे. नुसता बिल्ड करायचा असेल तर सी भाषेतल्या एकाही फाइलला हात लावण्याची गरज नाही. मात्र विममध्ये कॉन्फिगरेशनचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत आणि एका मार्गाचे पर्याय दुसऱ्यावर चालत नाहीत. बहुतेकांची अडचण इथेच होते. (फाइलींची आणि पर्यायांची नावे मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत देत आहे, टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतील.)

पहिला मार्ग युनिक्स कुळातल्या सिस्टिमचा, म्हणजे लिनक्स, बीएसडी, मॅकओएस आणि सिगविन (विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण देणारे साधन) यांचा. येथे ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट चालते. ही स्क्रिप्ट सिस्टिमचे नाव पाहून फारसे काही गृहीत धरत नाही. ती छोटे छोटे सी प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते आणि अमुक फंक्शन मिळते का, अमुक हेडर (फंक्शनच्या घोषणा असलेली फाइल) आहे का, टर्मिनलची लायब्ररी कोणती, याची उत्तरे एसआरसी फोल्डरातल्या ऑटो या उपफोल्डरात कॉन्फिग.एच आणि कॉन्फिग.एमके या दोन फाइलींत लिहून ठेवते. पुढचे सारे कंपाइलिंग या उत्तरांवर चालते. म्हणून काही बिनसले तर आधी त्याच उपफोल्डरातली कॉन्फिग.लॉग वाचावी. कोणती चाचणी कोणत्या कारणाने फसली हे तिथे कंपाइलरच्या मूळ शब्दांत सापडते.

लिनक्सवर दोन गोष्टी वारंवार अडवतात. एनकर्सेससारखी टर्मिनल लायब्ररी, तीही डेव्हलपमेंट हेडरसह, नसेल तर कॉन्फिगर स्पष्ट संदेश देऊन थांबते. पॅकेज घातले की काम पुढे सरकते. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. एक्स विंडो या खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेची हेडर नसतील तर कॉन्फिगर थांबत नाही, ते मुकाट्याने क्लिपबोर्डची सोय वगळून पुढे जाते, आणि संपादकातून ब्राउझरमध्ये मजकूर चिकटवता येत नाही हे आपल्याला पुढे केव्हातरी कळते. यावर उपाय म्हणून --एनेबल-फेल-इफ-मिसिंग हा पर्याय आहे. तो दिल्यास आपण स्पष्टपणे मागितलेली सोय (उदाहरणार्थ --विथ-एक्स किंवा --एनेबल-पायथन३इंटर्प=येस) उपलब्ध नसताना कॉन्फिगर तिथेच चूक दाखवून थांबते. हा पर्याय मुळातच चालू असायला हवा होता, असे माझे मत आहे. किती सोयी हव्यात ते --विथ-फीचर्स ने सांगता येते. आता टायनी, नॉर्मल आणि ह्यूज या तीनच पातळ्या उरल्या आहेत आणि काही न सांगितल्यास ह्यूज धरली जाते.

हे पर्याय एसआरसी फोल्डरातल्या मेकफाइलमधील (बिल्डच्या सूचना असलेल्या फाइलीतील) ओळींपुढचे टिप्पणीचे चिन्ह काढूनही चालू करता येतात. तसे करू नये, असे मी सुचवीन, कारण गिटमधून नवा कोड ओढताना तीच फाइल संघर्षात सापडते. पर्याय लिहिलेली एक छोटी शेल स्क्रिप्ट सोर्सच्या बाहेर ठेवावी. म्हणजे सहा महिन्यांनी आपण काय मागितले होते तेही आठवत बसावे लागत नाही.

मॅकओएसबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एक्सकोडची कमांड लाइन साधने घातली की हीच स्क्रिप्ट चालते आणि डार्विन (मॅकओएसचा गाभा) ओळखून मॅकच्या पेस्टबोर्डसाठी आणि अक्षरसंचांच्या रूपांतरासाठी असलेल्या जादा फाइली जोडते. हा भाग नको असेल तर --डिसेबल-डार्विन द्यावे, मग विम मॅकला निव्वळ युनिक्स समजून बिल्ड होतो. मॅकच्या धाटणीची खिडकी हवी असणाऱ्यांसाठी मॅकविम हा वेगळा प्रकल्प आहे.

दुसरा मार्ग विंडोजचा. मूळ विंडोज बिल्डमध्ये कॉन्फिगरला स्थानच नाही. लिनक्सवर जी उत्तरे स्क्रिप्ट शोधून काढते, ती विंडोजच्या बाबतीत ओएस_विन३२.एच या हेडरमध्ये आधीच लिहून ठेवलेली आहेत. विंडोजवर कोणती फंक्शन मिळतात हे यंत्रागणिक बदलत नसल्यामुळे ही तडजोड चालून जाते. आपल्या हाती उरते ते योग्य मेकफाइल निवडणे. व्हिज्युअल स्टुडिओचा कंपाइलर असेल तर त्याच्या डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमधून एनमेक या बिल्ड साधनाला मेक_एमव्हीसी.मॅक ही फाइल द्यावी, आणि मिंगडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी कंपाइलर) असेल तर मेकला मेक_मिंग.मॅक द्यावी. येथे पर्याय उणे चिन्हांनी न देता चलांच्या रूपात द्यायचे असतात, जसे फीचर्स=ह्यूज किंवा जीयूआय=येस. जीयूआयच्या (खिडकीवाल्या रूपाच्या) बाबतीत एक विसंगती लक्षात ठेवावी. काहीच न सांगितल्यास मिंगडब्ल्यूची फाइल जीविम, म्हणजे खिडकीवाला संपादक, तयार करते, तर व्हिज्युअल स्टुडिओची फाइल कन्सोलवाला विम तयार करते.

पायथन हवे असेल तर पायथन३ या चलात त्याचे फोल्डर, पायथन३_व्हर मध्ये आवृत्तीचे अंक आणि डायनॅमिक_पायथन३=येस एवढे द्यावे. डायनॅमिक म्हणजे पायथनची डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) गरज पडेल तेव्हाच उघडली जाते, त्यामुळे पायथन नसलेल्या यंत्रावरही विम सुरू होतो. विम ६४ बिटचा असेल तर पायथनही ६४ बिटचेच लागते. बिल्ड बिनचूक होऊनही पायथन चालत नसेल तर सर्वांत आधी हे तपासावे.

सिगविनबद्दल गोंधळ होतो, कारण तो चालतो विंडोजवर पण वागतो युनिक्ससारखा. त्यात कॉन्फिगर चालवल्यास मिळणारा विम सिगविनच्या स्वतःच्या डीएलएलवर अवलंबून राहतो, म्हणून तो दुसऱ्याच्या विंडोजवर नुसता नकलून नेऊन चालणार नाही. एमएसवायएस२ या सिगविनसारख्या साधनसंचामध्येही कोणते वातावरण उघडले आहे ते आधी पाहावे. एमएसवायएस असेल तर कॉन्फिगर, मिंगडब्ल्यू असेल तर मेक_मिंग.मॅक.

एकच सोर्स फोल्डर दोन सिस्टिममध्ये सामायिक ठेवला असेल तर एका सिस्टिमच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) दुसरीला ताज्या वाटतात, कारण मेक केवळ वेळ पाहते. यासाठी युनिक्सच्या मेकफाइलमध्ये 'मेक शॅडो' ही सोय आहे. ती सोर्सकडे निर्देश करणाऱ्या लिंकांचे वेगळे फोल्डर तयार करते, आणि प्रत्येक सिस्टिमसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवले की भेसळ होत नाही. विंडोजवरील गिटने ओळींच्या शेवटी जादा कॅरेज रिटर्न घातले असतील तर तीच कॉन्फिगर स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडते, हेही ध्यानात असू द्यावे.

लिनक्सवर बसून विंडोजचा विम तयार करणे त्यामानाने सोपे आहे. मेक_मिंग.मॅकला क्रॉस=येस आणि क्रॉस_कंपाइल मध्ये कंपाइलरच्या नावाचा उपसर्ग दिला की भागते. याउलट दुसऱ्या प्रोसेसरच्या लिनक्ससाठी क्रॉस कंपाइल करताना कॉन्फिगर अडखळते, कारण त्याच्या काही चाचण्यांमध्ये प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून पाहावा लागतो आणि परक्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालत नाही. अशा वेळी विम_सीव्ही_टूअपर_ब्रोकन, विम_सीव्ही_टर्मइन्फो यांसारख्या चलांची उत्तरे आपणच आधी देऊन ठेवावी लागतात. कोणते चल हवे आहे ते त्रुटीच्या संदेशातच लिहिलेले असते.

आता समजा, आपल्याला खरोखरच कोडमध्ये भर घालायची आहे. अशा वेळी जागोजागी 'विंडोज असेल तर' असा इफडेफ (अटीनुसार कोड घेणारी सूचना) पेरण्याचा मोह होतो, तो आवरावा. विमची मूळ रचना याबाबत शिकण्यासारखी आहे. सिस्टिमशी बोलणारी फंक्शन एमसीएच_ या उपसर्गाने सुरू होतात आणि त्यांचे एक रूप ओएस_युनिक्स.सी मध्ये, तर दुसरे ओएस_विन३२.सी मध्ये असते. एमसीएच_इनचार हे कळ वाचणारे फंक्शन घ्या. युनिक्सवर ते सिलेक्ट किंवा पोलच्या आधाराने वाट पाहते, विंडोजच्या कन्सोलवर कन्सोलच्या घटना वाचते, आणि त्याला हाक मारणाऱ्या कोडला हा फरक ठाऊकही नसतो. उरलेल्या ठिकाणी सिस्टिमच्या नावाऐवजी तिच्या गुणाचे नाव असलेला मॅक्रो (कोडमध्ये आधी ठरवून ठेवलेले खुणेचे नाव) वापरलेला दिसतो: फाइलच्या नावात बॅकस्लॅश येतो का यासाठी बॅकस्लॅश_इन_फाइलनेम, अक्षरांचा लहानमोठेपणा दुर्लक्षित होतो का यासाठी केस_इन्सेन्सिटिव्ह_फाइलनेम, ओळीचा शेवट दोन वर्णांनी होतो का यासाठी यूज_सीआरएनएल. २०१६ साली आलेल्या विम ८.० मधून एमएस-डॉसचा आधार काढून टाकण्यात आला, पण हे मॅक्रो विंडोजसाठी आजही तसेच लागतात. आपली भर घालताना नेमका कोणता गुण तपासायचा आहे ते आधी ठरवा, त्यासाठी मॅक्रो आधीपासून आहे का ते शोधा, आणि नसेल तरच नवा मॅक्रो संबंधित सिस्टिमच्या हेडरमध्ये घाला.

विंडोजसाठी वेगळा मार्ग ठेवणे हा विमचा निर्णय आहे. सगळे संपादक तसे करत नाहीत. ईमॅक्सने २०१४ च्या २४.४ या आवृत्तीपासून विंडोजवरही एमएसवायएसमधून तीच कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवायला सुरुवात केली. विमपासून निघालेल्या निओविमने सीमेक हे बिल्ड साधन स्वीकारले आणि सिस्टिमशी बोलण्याचे बरेचसे काम लिबयूव्ही या लायब्ररीवर सोपवले. आपल्याला तिन्ही सिस्टिमसाठी एकाच आज्ञेने बिल्ड होणारा कोड हवा असेल आणि विमचाच आग्रह नसेल, तर निओविमने कमी त्रास होईल.

विमच ठेवणार असाल, तर प्रत्येक बिल्डनंतर विमला --व्हर्जन देऊन यादी पाहावी. क्लिपबोर्ड आणि पायथन३ यांच्यापुढे अधिकचे चिन्ह आहे की उण्याचे ते तिथे दिसते, आणि शेवटच्या ओळींत कंपाइल व लिंक करताना वापरलेली पूर्ण आज्ञाही असते. तिन्ही सिस्टिमवरच्या या याद्या शेजारी ठेवून पाहिल्यास कुठल्या बिल्डमध्ये काय निसटले ते लगेच कळते.